सोमवार ते गुरुवारचा पास

डोंबिवली

चि. मनू,

थिएटरचा महिन्याचा पास काढू का, असं तू विचारलंस. थोडक्यात उत्तर असं: गेल्या तीन महिन्यांत किती सिनेमे पाहिलेस आणि कोणत्या वारी पाहिलेस ते आधी मोज. आकडा पासाच्या बाजूने आला तर खुशाल काढ, पण शुक्रवार-शनिवारच्या तिकिटांचे पैसे वेगळे बाजूला ठेव. पत्र इथेच संपवता आलं असतं. पण तुझ्या मामाची सगळी नोकरी लॅमिंग्टन रोडला, नाझ बिल्डिंगमधल्या वितरकाच्या ऑफिसात कलेक्शनचे आकडे उतरवण्यात गेली. त्याला सिनेमाच्या पैशाबद्दल विचारल्यावर एवढ्यावर सुटका नाही.

पीव्हीआर आणि आयनॉक्स २०२३ च्या फेब्रुवारीत एक झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ‘पासपोर्ट’ आणला. महिना ६९९ रुपये, दहा सिनेमे, फक्त सोमवार ते गुरुवार. आयमॅक्स आणि लक्ससारखे महागडे पडदे त्यातून वगळलेले. अशा योजनांच्या किमती आणि अटी बदलत राहतात, म्हणून आजचे आकडे अ‍ॅपवर नीट वाच. मी हिशेब त्या पहिल्या आकड्यांवर मांडतो. रीत तीच राहील, आकडे तुझे तू घाल.

६९९ ला दहा म्हणजे सिनेमा सत्तर रुपयांना पडला, असं जाहिरात आपल्याला म्हणायला लावते. हे तेव्हाच खरं, जेव्हा दहाच्या दहा पाहून होतील. तुझं ऑफिस हिंजवडीला. सहाला निघालीस तरी वाकडच्या पुलाखालून सुटेपर्यंत सातचा शो सुरू झालेला असतो, आणि नऊचा शो धरलास तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये डोळे मिटतात. महिन्यात तीन जमले तर एक सिनेमा २३३ रुपयांना पडला. आठवड्याच्या मधल्या वारी साधं तिकीट कित्येकदा याच्या आसपास किंवा याहून कमीच असतं. दोनच जमले तर साडेतीनशेला एक. मग पास स्वस्त कसला?

आता मंगळवार बघ. याच साखळीने २०२५ च्या एप्रिलपासून मंगळवारी ९९ ते १४९ रुपयांत तिकीट द्यायला सुरुवात केली, शहर आणि थिएटर पाहून दर कमी-जास्त. चारही मंगळवारी एकेक सिनेमा पाहिलास आणि वरचाच दर धरला, तरी ५९६ रुपये होतात. म्हणजे पासापेक्षा शंभर रुपये कमी, आणि ज्या मंगळवारी जायचं नाही त्या मंगळवारी खर्चही नाही. पास कामाचा ठरतो तो आठवड्याला दोन सिनेमे सहज पाहणाऱ्याला. तू त्यातली आहेस का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुझ्या फोनमधली जुनी बुकिंग सांगतील.

थिएटरवाला इतकं स्वस्त का देतो, हेही समजून घे, म्हणजे राग येणार नाही आणि भुलणारही नाहीस. बुधवारी दुपारच्या शोला तीनशे खुर्च्यांपैकी चाळीस भरलेल्या असतात. एसी, वीज, पगार यांचा खर्च तेवढाच. जी खुर्ची त्या शोला रिकामी राहिली तिची कमाई कायमची बुडाली, ती उद्या विकता येत नाही. त्या खुर्चीत तू बसलीस तर त्याचं काही जात नाही, उलट मध्यंतरात तू काउंटरवर येतेस. खाण्यापिण्यावरची कमाई ही मल्टिप्लेक्सच्या धंद्यातली मोठी बाजू आहे. आवळा देऊन कोहळा काढणं ते हेच. पासावर वाचवलेले दीडशे रुपये पॉपकॉर्नच्या एका टबात जातात आणि वर आणखी द्यावे लागतात. तेव्हा घरून खाऊन जा. बाहेरचं खाणं आत येऊ न देण्याचा हक्क थिएटरला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत सांगितलं, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायचं हेही त्याच वेळी बजावलं. पाणी मागून घे, लाजू नकोस.

या खेळात रिकामी खुर्ची कोणाची आहे यावर सगळं ठरतं. अमेरिकेतल्या मूव्हीपासचं काय झालं ते बघ. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्या कंपनीने महिना ९.९५ डॉलरमध्ये रोज एक सिनेमा असा पास काढला. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत एका तिकिटालाच त्याहून जास्त पडत होते. वर्षभरात सभासद तीस लाखांपलीकडे गेले. पण थिएटरं त्यांची नव्हती. प्रत्येक तिकिटाची बहुतेक पूर्ण किंमत कंपनी स्वतःच्या खिशातून थिएटरला भरत होती, म्हणजे गिऱ्हाईक जितकं आनंदी तितका तोटा मोठा. २०१८ च्या जुलैत तिकिटांचे पैसे भरायलाच रोकड उरली नाही आणि सेवा बंद पडली, उसने आणून ती पुन्हा चालू करावी लागली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये दुकान मिटलं. पुढे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला की जास्त सिनेमे पाहणाऱ्यांचे पासवर्ड कंपनीने मुद्दाम रद्द केले होते. त्याच २०१८ मध्ये एएमसी या थिएटर-साखळीने स्वतःचा पास काढला, महिना १९.९५ डॉलरला आठवड्याला तीन सिनेमे, आणि तो टिकला, कारण खुर्च्या तिच्या होत्या. फ्रान्समध्ये यूजीसीचा असा पास तर २००० सालापासून आहे. यातून तू घ्यायचं ते इतकंच: पास काढायचा तर थिएटरवाल्याचाच काढ, आणि न परवडणारं स्वस्त कोणी देऊ लागला तर वर्षाचे पैसे आगाऊ भरू नकोस.

आता शुक्रवारचं सांगतो. मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते हे.

सिनेमा शुक्रवारी लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांचे आकडे बघून पुढच्या आठवड्याचे शो ठरतात. मोठ्या हिंदी सिनेमाला सोमवार उतरला तरी चालतं, त्याच्या हातात शो भरपूर असतात. लहान मराठी सिनेमाला आधीच दुपारी बाराचा एखादा शो दिलेला. त्या तीन दिवसांत तिथे माणसं दिसली नाहीत, तर पुढच्या शुक्रवारी त्याचं पोस्टर उतरतं. तुझा पास त्या तीन दिवसांत चालतच नाही. सोमवारी तू पास दाखवून बसशील, सिनेमा आवडेल, चार जणींना सांगशील, आणि त्या शनिवारी जायला निघेपर्यंत शो निघालेला असेल.

पैशाचीही बाजू आहे. २००९ साली निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात वाटणीवरून दोन महिने बंद चालला होता. तडजोड झाली ती अशी: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. हिशेबाची ही उतरती भांजणी लक्षात ठेव. ज्याचा सिनेमा तुला जगायला हवा आहे, त्याला तुझं तिकीट पहिल्याच आठवड्यात मिळायला हवं. दुसरा आठवडा अनेकांच्या नशिबी नसतो.

अपवाद असतात. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ने पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात जास्त कमावलं. त्याला कोणत्याही योजनेने तारलं नाही. सोसायट्यांतल्या, भिशीतल्या, भजनी मंडळातल्या बायका घोळक्याने आल्या, नटूनथटून आल्या, पुन्हा आल्या. पास मात्र एकाच्या नावावर असतो आणि दुसऱ्याला देता येत नाही. पासाच्या नादात तू एकटीने सिनेमा पाहायला लागलीस तर वाईट काहीच नाही, एकटीने पाहण्यातही मजा आहे. पण आईला आणि मावशीला घेऊन जायचं असेल तेव्हा सरळ तीन तिकिटं काढ.

पासाची एक बाजू मला मनापासून आवडते. तिकिटाला तीनशे मोजायचे असले की माणूस खात्रीचं तेवढंच बघतो, ठरलेले नट, ठरलेला मसाला. पास हातात असला की ‘बघू तर काय आहे’ म्हणून मल्याळम सिनेमा बघतो, नवख्या दिग्दर्शकाला दोन तास देतो, नाही पटला तर मध्यंतरात उठतो. वय लहान असताना हे धाडस करायलाच हवं. तू पास याच्यासाठी काढणार असशील तर माझी संमती आहे. पण नुसते पैसे वसूल करायचे म्हणून गुरुवारी रात्री कंटाळवाण्या सिनेमाला जाऊन बसलीस, तर पासासोबत तीन तासही गेले.

म्हणून असं कर. पास एका महिन्यापुरता मिळत असेल तर एकच महिना घे. कमीत कमी मुदतीची अट असेल तर तेवढीच घे, आणि आपोआप नूतनीकरण असेल तर तारीख कॅलेंडरमध्ये टाक. बुकिंगचा अधिभार वेगळा लागतो का ते पाहा. तुझ्या घराजवळचं थिएटर त्या साखळीचं आहे का ते आधी बघ. पुण्यात सिटी प्राइड वेगळं, सिनेपोलिस वेगळं, तिथे हा पास चालत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात काय दाखवतात त्यावर नजर ठेव, आणि जानेवारीच्या सुमारास पिफची, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, नोंदणी कर. आठवडाभर सकाळ ते रात्र जगभरचे सिनेमे पाहायला मिळतात, आणि माझ्या मते सिनेमावेड्या माणसाला पुण्यात मिळणारा सगळ्यात स्वस्त पास तोच.

गेल्या तीन महिन्यांचे आकडे वार घालून मला पाठव. आठवड्याला दोन भरत असतील तर पहिल्या महिन्याचे पैसे माझ्याकडून. नाही भरले, तर तेच पैसे पुढच्या मराठी सिनेमाच्या शुक्रवारी खर्च कर, आणि आईला सोबत ने.

तुझा
मामा