हार्लेमच्या थोरल्या चर्चला जाताना

मनू, ताईचा फोन आला होता. येत्या रविवारी तुम्ही तिघं अ‍ॅम्स्टलवेनहून हार्लेमच्या थोरल्या चर्चला जाणार म्हणे, आणि तेही उपासनेच्या वेळी! फार बरं वाटलं. संत बावोच्या त्या चर्चमध्ये मी कितीतरी रविवार बसले आहे. फोटो काढायला तिथे जगभरातून लोक येतात, पण गावातली मंडळी अजून तिथेच प्रार्थना करतात, लेकरांना बाप्तिस्मा देतात, आपल्या माणसांना निरोप देतात. आपण त्यांच्याकडे जातोय, एवढं धरून चाललीस की बाकीचं सोपं आहे. तरी चार गोष्टी सांगून ठेवते. जावईबापूंनाही वाचून दाखव, कारण नकाशा त्यांच्याच हातात असणार.

१. पत्त्यात ‘ग्रोटे मार्क्ट’ आहे ना, ते आधी बघ — हार्लेममध्ये संत बावोच्या नावाची दोन मोठी चर्चं आहेत. लाइड्सेफार्टवरचं ते कॅथलिक कॅथेड्रल, आपल्याला जायचंय ते बाजारचौकातलं प्रोटेस्टंट.

२. उपासना दहाची असेल तर पावणेदहाला दारात हजर राहा. उशिरा आलेल्याला दार मोठं आणि खुर्ची लहान — पाळक बोलायला लागले की दगडी फरशीवर प्रत्येक पाऊल वाजतं. रविवारी रुळांची कामं काढतात, तेव्हा गाड्यांच्या वेळा आदल्या रात्रीच बघून ठेव. स्टेशनापासून चर्च पायी दहा मिनिटांवर.

३. उपासनेला तिकीट नसतं. पण त्या वेळात हिंडून बघणंही नसतं — आधी बसावं, मग बघावं. बघायला आठवड्याचे दिवस आहेत, त्याचं पुढे सांगते.

४. बूट पायातच राहू द्या, टोपी तेवढी जावईबापूंनी काढायची — आपल्याकडे डोकं झाकणं हा मान, तिकडे पुरुषाने ते उघडं ठेवणं हा मान. तू दारात चपला काढायला वाकशील, ठाऊक आहे मला. सरळ आत जा.

५. लोकरीचे मोजे घाल, एप्रिल असला तरी. एवढ्या उंच वास्तूत ऊब टिकत नाही, आणि फार तापवलं तर हवा कोरडी पडून ऑर्गनच्या लाकडाला नि चामड्याला त्रास होतो — म्हणून तिथे बेतानेच तापवतात. पूर्वीच्या बायका पायाखाली लाकडी पेटी घेऊन बसत, आत पीटचा निखारा. तुला मोजे पुरतील.

६. खुर्ची सरकवायची तर उचलून सरकव — तिथे आवाज लवकर विरत नाही.

७. पुढच्या रांगेत बसू नकोस, मधे बस — इतरांकडे बघून केव्हा उठायचं, केव्हा बसायचं ते आपोआप कळतं. हात जोडायची इच्छा झाली तर मांडीवरच जोड. कोणी बघत नाही, कोणी हसतही नाही.

८. मूर्ती कुठे, चित्रं कुठे, असं शोधत बसू नकोस. १५७८ मध्ये हे चर्च प्रोटेस्टंटांकडे आलं; तेव्हापासून तिथला मान वाचलेल्या आणि बोललेल्या शब्दाला आहे. म्हणून वेदीऐवजी नजर उपदेशपीठाकडे जाऊ दे — जिन्याचे पितळी कठडे नीट बघ, ते साप आहेत, डोकी खाली करून उतरणारे. वरून देवाचा शब्द निघाला की ते पळ काढतात, असा त्याचा अर्थ सांगतात. इतकी वर्षं बघतेय, तरी पहिली नजर तिथेच जाते.

९. फळ्यावर गीतांचे आकडे लावलेले असतात, डच आकडे तेवढे पाठ कर — शब्द नाही कळले तरी पान सापडतं, आणि सूर तर सगळ्यांचा एकच असतो. नाहीच सापडलं तर शेजारची आजी न विचारता तुझं पुस्तक उघडून देईल. तिच्याकडे बघून हस, तेवढं पुरे.

१०. उपदेश सुरू होताना कुणी पेपरमिंटची गोळी पुढे केली तर घे — ती तिथली जुनी रीत आहे, नाही म्हणालीस तर उगाच परकेपणा वाटतो. कागद मात्र आधीच सोडव. बाकी खाणंपिणं पिशवीतच.

११. खिशात दोन-तीन युरोची सुटी नाणी असू देत. सुटं नाणं, मोकळं मन — अर्पणाची पिशवी हातोहात फिरते, आणि पुष्कळदा दोनदा: एकदा गरजूंसाठी, एकदा चर्चच्या खर्चासाठी. आता फोनवरूनही देता येतं, पण उपासनेत फोन बंदच बरा.

१२. प्रभुभोजन असेल तर तुम्ही जागेवर बसून राहा — पाव आणि द्राक्षारस हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा आहे, आदरापोटी बसून राहिलेल्या माणसाचं कुणाला वाईट वाटत नाही. प्रसाद म्हणून हात पुढे करू नये.

१३. पिल्लूला दटावू नकोस, खूण ठरवून ने — बोट ओठावर आलं की गप्प, बोट वर गेलं की छत बघायचं. ते छत देवदाराच्या लाकडाचं आहे, दगडाचं नाही. त्याला त्यातच रमू दे. बऱ्याच चर्चमध्ये उपदेशाच्या वेळी मुलांना वेगळ्या खोलीत नेतात, दारातच विचारून घे.

१४. आणि ऑर्गन. इथे माझी गाडी थांबणारच. क्रिस्टियान म्युलर नावाच्या कारागिराने १७३५ ते १७३८ या काळात तो बांधला. पश्चिमेच्या भिंतीवर जवळजवळ तीस मीटर उंच उभा आहे, पाच हजारांहून जास्त नळ्यांचा. हँडेलने तो वाजवला, आणि १७६६ मध्ये दहा वर्षांच्या मोत्सार्टने. म्हणजे पिल्लूहून चारच वर्षांनी मोठा! उपासना संपली तरी लगेच उठू नकोस — लोक बाहेर पडत असतात तेव्हा वादक शेवटची रचना वाजवतो, आणि त्यातल्या खर्जाच्या नळ्या कानांआधी खुर्चीच्या फळीतून कळतात. तळवा फळीवर ठेवून बघ. पिल्लूलाही ठेवायला सांग. टाळ्या वाजवायच्या की नाही ते आजूबाजूचे करतील तसं कर. मन नाही भरलं तर उन्हाळ्यात मंगळवारी संध्याकाळी त्याच ऑर्गनच्या मैफली होतात, त्या वर्षीचं वेळापत्रक बघून जा.

१५. उंच टाचा नकोत — सगळी फरशी थडग्यांच्या शिळांची आहे, सुमारे दीड हजार, आणि शतकानुशतकं पावलं पडून त्या कुठे खचल्यात, कुठे वर आल्यात. थडग्यावर पाय कसा ठेवू, असं तुला होईल. ठेव. त्या माणसांनी आपल्या लोकांच्या पायाखालची, उपासनेच्या जवळची जागा होऊन मागून घेतली होती. पण वाकून बघेल त्याच्याशीच फरशी बोलते: फ्रान्स हाल्स हा चित्रकार १६६६ मध्ये इथेच पुरला गेला, आणि याच चर्चचे पांढरे खांब रंगवणारा पीटर सानरेडामही इथेच आहे.

१६. नंतर कॉफीला बोलावलं तर जा, घाईचं कारण काढू नकोस — ओळखी कॉफीच्या कपाशीच होतात. परदेशात नव्याने घर मांडणाऱ्या पोरीला अशा दोन म्हाताऱ्या ओळखीच्या असाव्यात. डॉक्टर कुठला चांगला, शाळेत कुणाला भेटावं, हे त्या सांगतात. बिस्कीट एकच घे, दुसरं त्यांनी आग्रह केला तर.

१७. आता बघण्याचं. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी तिकीट काढून पुन्हा जा, कुरकुर न करता — ते पैसे छपराला आणि शिळांना लागतात. १५७२-७३ मध्ये स्पॅनिश फौजेने गावाला वेढा घातला होता. तेव्हाचा म्हणून सांगतात तो तोफगोळा भिंतीत रुतलेला आहे. कुत्र्यांना हाकलायला चर्चने माणसं नेमली होती, त्यांच्या नावाचं एक लहानसं दालनही आहे, ते पिल्लूला दाखव. आणि एका खांबावर धिप्पाड डॅनियल काजानुस आणि बुटका सिमॉन पाप यांच्या उंचीच्या खुणा आहेत. लेकराला त्यांच्यामध्ये उभं कर, मग फोटो काढ.

१८. त्या दिवशी रात्री नऊपर्यंत गावातच थांबता आलं तर थांबा — नऊ ते साडेनऊ दोन लहान घंटा वाजतात, पूर्वी वेशीचे दरवाजे बंद करताना वाजायच्या त्याच रिवाजाने. पिल्लू झोपेला आलं असेल तर मात्र सरळ घरी.

१९. हार्लेमची रीत सगळीकडे लावू नकोस. अ‍ॅम्स्टरडॅमच्या आउडे केर्कमध्ये रविवारी सकाळी उपासना आणि एरवी कलेची प्रदर्शनं, तिथे सगळं मोकळं. पण स्टाफोर्स्ट किंवा उर्कसारख्या गावात बायका टोपी घालून, स्कर्ट नेसून, गंभीर चेहऱ्याने चर्चला जातात, आणि रविवारी तिथे हसत-खिदळत फोटो काढणारा पाहुणा त्यांना मनापासून खुपतो. तिकडे जायचं ठरलं की आधी मला फोन कर — माझ्याकडे काळा लांब स्कर्ट आहे, कमरेत थोडा घेतला की तुला नीट होईल.