स्पितीत डिझेल गोठतं की थिजतं?

प्रश्न : जानेवारीत स्वतःची डिझेल गाडी घेऊन स्पितीला जायचा बेत आहे. मित्र घाबरवतात, की तिथे डिझेल गोठतं आणि सकाळी गाडी सुरूच होत नाही. डिझेलचा खरंच बर्फ होतो का? आणि अटल बोगदा झाल्यामुळे आता मनालीहून जाता येईल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बोगद्याचं आधी उरकू. २०२०मध्ये सुरू झालेला हा नऊ किलोमीटरचा बोगदा रोहतांग टाळून तुम्हाला लाहौलमध्ये सोडतो, स्पितीत नाही. मध्ये कुंझुम खिंड आहे, सुमारे ४,५५० मीटर उंच, आणि ती हिवाळाभर बर्फाखाली असते. तेव्हा वाट एकच : शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. शिमल्यापासून चारशेहून जास्त किलोमीटर. काझा ३,६०० मीटरच्या वर असल्याने हे अंतर तीन-चार दिवसांत कापलेलं बरं. उंची हळूहळू अंगवळणी पडते.

आता डिझेल. तुमच्या मित्रांचं भय खरं, शब्द मात्र चुकला. पाणी गोठतं, डिझेल थिजतं. डिसेंबरात न्हाणीघरातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीचं काय होतं ते आठवा. आधी तळाशी पांढुरकं दिसतं आणि मग बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. डिझेलमध्ये मूळचंच थोडं मेण असतं. पारा उतरला की त्याचे बारीक स्फटिक होतात, डिझेल गढूळ दिसू लागतं आणि ते स्फटिक फिल्टरच्या जाळीत अडकतात. टाकीत डिझेल आहे, इंजिनही धडधाकट आहे, पण मधली वाट बुजलेली. आपल्याकडचं साधं डिझेल हिवाळ्यातही शून्याच्या आसपास वाहतं राहिलं तरी पुरेसं मानलं जातं. काझात जानेवारीच्या रात्री पारा उणे वीसच्याही खाली जातो.

यावर उपाय निघालेला आहे. इंडियन ऑइलने २०१९मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं डिझेल आणलं, ते पानिपतच्या रिफायनरीत तयार होतं. म्हणून चंदीगडला टाकी काठोकाठ भरून वर जाऊ नका. मैदानातलं डिझेल वाटेत संपत येऊ द्या आणि रेकाँग पिओपासून पुढे जिथे पंप दिसेल तिथे, थंडीचं डिझेल आहे का हे विचारून भरत चला. जुने ट्रकवाले रॉकेल मिसळत. तुमच्या बीएस-६ इंजिनावर तो प्रयोग करू नका, इंजेक्टर बदलायचा खर्च सहलीपेक्षा जास्त यायचा. घरात दुसरी पेट्रोल गाडी असेल तर सरळ तीच न्या. पेट्रोलमध्ये हे मेण नसतं.

खरं सांगायचं तर डिझेलपेक्षा मला तुमच्या रेडिएटरची काळजी वाटते. त्यात नळाचं पाणी ओतायची आपली सवय इथे महागात पडते. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे नऊ टक्के फुगतो आणि रेडिएटर फोडतो, कधी इंजिनचा ब्लॉकही. पुण्यातच सगळं पाणी काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या. बॅटरी जुनी असेल तर तीही बदला, थंडीत तिची ताकद बरीच उतरते.

चालवताना भीती साचलेल्या पांढऱ्या बर्फाची कमी, सावलीतल्या वळणांची जास्त. तिथे डांबरावर काचेसारखा पातळ थर असतो आणि रस्ता नुसता ओला वाटतो. सकाळी दहाच्या आधी निघू नका, चार वाजता थांबा. साखळ्या बरोबर हव्यात. इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते त्याच चाकांना त्या लावायच्या, आणि लावायचा सराव घरीच करून जा. काचेवर बर्फ धरला तर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. आणि रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक पकडल्या जागी गोठून बसतात. गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाखाली दगड लावा.