उजेडाची वाटणी

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर वाघोरा नदीचे खोरे आहे. या खोऱ्यातील घोड्याच्या नालेसारख्या वळणाच्या कड्यात अजिंठ्याची सुमारे ३० लेणी कोरलेली आहेत. पहिल्या लेण्याच्या मागच्या भिंतीवर पद्मपाणी बोधिसत्त्वाचे जगप्रसिद्ध चित्र आहे. परंतु तेथवर ऊन पोहोचत नाही. ते दाराशीच थबकते. मग इतक्या अंधारात चित्रकारांनी बोटांची नाजूक वळणे कशी रेखाटली असतील?

त्यांनी तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, तसेच बाहेरचा सूर्यप्रकाश आत वळवून काम केले असावे, असा तर्क केला जातो. विजेची सोय होण्यापूर्वी प्रेक्षकांना चित्रे दाखविण्यासाठी हीच युक्ती योजीत असत. बाहेर उन्हात आरसा धरावयाचा आणि त्याची तिरीप आत पांढऱ्या कापडावर पाडावयाची, की भिंत सौम्य उजेडाने उजळे.

केवळ आरसा का पुरत नाही? आरशाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. त्यामुळे तो किरणांना एकाच दिशेने परत पाठवितो. भिंतीवर एक झगझगीत ठिपका पडतो आणि भोवतालचा भाग काळाच राहतो. पांढऱ्या कापडाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. तो किरणांना चहूकडे विखुरतो. आरसा उजेड आणून देतो; कापड तो सर्वांना वाटून देते.

हीच गोष्ट घरी शेवाळाच्या साहाय्याने पाहता येते. टाक्यातील हिरवट पाणी काचेच्या बरणीत भरून खिडकीपाशी ठेवावे. शेवाळाचे सूक्ष्म कण उजेड शोषून आपले अन्न तयार करतात. परंतु खिडकीकडचे कण उजेड आधी घेतात आणि मागच्यांवर सावली धरतात. पुढचे पोसतात, मागचे उपाशी राहतात.

अशा वेळी बरणीच्या मागे पांढरा पुठ्ठा उभा करावा. तो बरणीपेक्षा रुंद असावा आणि त्याच्या दोन्ही कडा किंचित पुढे वळवाव्यात. म्हणजे बाजूने निसटून जाणारा उजेड मागच्या कणांकडे वळेल. पोळ्या गुंडाळावयाचा चकचकीत कागदही चालतो. मात्र तो आधी चुरगाळून मग पसरावा, नाहीतर आरशासारखे ठिपके पडतील. दिवसातून एकदोनदा पाणी काडीने ढवळावे, म्हणजे मागचे कण पुढे येतील. दुपारच्या कडक उन्हात बरणी ठेवू नये. पाणी तापून शेवाळ मरते. पुठ्ठा नवा उजेड निर्माण करीत नाही, हेही ध्यानात ठेवावे. वाया जाणारा उजेड तो केवळ कामी लावतो.

परंतु उजेड सर्वत्र हितकारकच असतो असे नाही. फ्रान्समधील लास्को येथील गुहेत आदिमानवाने काढलेली चित्रे १९४० साली सापडली. १९४८ साली ती गुहा लोकांना खुली झाली. आत दिवे लागले, प्रेक्षकांची रीघ लागली. दिव्यांचा प्रकाश आणि माणसांच्या श्वासातील ओलावा यांमुळे भिंतींवर हिरवे शेवाळ उगवू लागले. हजारो वर्षे अंधारात टिकलेली चित्रे थोड्याच वर्षांत धोक्यात आली आणि १९६३ साली गुहा लोकांसाठी बंद करावी लागली.

तीव्र प्रकाशाने चित्रांचे रंगही फिके पडतात. म्हणूनच अजिंठ्याच्या चित्रांपुढे मंद दिवे असतात आणि छायाचित्रे घेताना दिव्याचा लखलखाट करण्यास मनाई आहे. बरणीतील शेवाळाला उजेड पुरवावा लागतो. भिंतीवरील चित्राला तो मोजून द्यावा लागतो. कोणाला किती उजेड द्यावा, हे ओळखणे हेच खरे ज्ञान होय.

स्वाध्याय
१. आरसा आणि पांढरे कापड यांच्या कार्यात कोणता फरक आहे?
२. बरणीमागील पुठ्ठा रुंद का असावा?
३. लास्कोची गुहा का बंद करावी लागली?
४. ‘आरसा उजेड आणून देतो, कापड तो सर्वांना वाटून देते,’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.