मॉरिशसचे पंतप्रधानपद



नागरिकशास्त्राच्या तासाला एकदा आम्ही वर्गाला विचारले, "पंतप्रधानांना खुर्चीवर कोण बसवितो?" उत्तरे भराभर आली. कोणी 'राष्ट्रपती' म्हणाले, कोणी 'जनता', तर कोणी 'पक्ष'. इतक्यात मागच्या बाकावरील एका मुलाने हळूच विचारले, "आणि सर, उठवितो कोण?" घंटा झाली, वर्ग सुटला, पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. आपल्यासारख्या विशाल देशात या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की पसाऱ्यातच दृष्टी हरवते. घड्याळ लहान असले तरी त्याची चाके मोठ्या घड्याळाप्रमाणेच फिरतात. म्हणून एका लहानशा बेटाचे उदाहरण आम्ही येथे घेत आहोत. ते बेट म्हणजे मॉरिशस.

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस हा देश वसला आहे. रॉड्रिग्ज बेट धरून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. आपल्या शेजारचा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरांचा. आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यात तर सहा मॉरिशस सहज मावतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत एकट्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सत्तेचाळीस लाखांहून अधिक भरली होती. आपला जिल्हा कर्नाटकाच्या विधानसभेत १८ आमदार पाठवितो. त्याहून कितीतरी लहान असलेल्या या भूमीला मात्र स्वतःचे संसद-सभागृह आहे, मंत्रिमंडळ आहे आणि पंतप्रधानही आहे.

या बेटाशी आपले नातेही आहे. गुलामगिरीची प्रथा संपुष्टात येत असता, १८३४ पासून, तेथील उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. बहुसंख्य मजूर बिहारकडचे होते. पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपल्या कोकणपट्टीतील माणसेही होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवितात. घरात क्रिओल भाषा रुळली, तरी गणपती त्यांनी सोडला नाही. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. ज्या धक्क्यावर मजूर उतरत, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. अशाच एका बिहारी मजुराचा मुलगा विलायतेत वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाला आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याचा पहिला पंतप्रधान बनला. त्यांचे नाव शिवसागर रामगुलाम.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९९२ पासून मॉरिशस प्रजासत्ताक आहे. राष्ट्रपती हे राष्ट्राचे प्रमुख. परंतु राज्यकारभाराची सूत्रे पंतप्रधानांच्या हाती असतात. राज्यघटना सांगते की, सभागृहातील बहुसंख्य सदस्यांचा पाठिंबा ज्यांना मिळू शकेल असे राष्ट्रपतींना वाटते, अशा सदस्यास त्यांनी पंतप्रधान नेमावे. येथे 'सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता' असे शब्द नाहीत, हे ध्यानात घ्या. १९७६च्या निवडणुकीत एकूण ७० जागांपैकी ३४ जागा मॉरिशस मिलिटंट मूव्हमेंट या पक्षास मिळाल्या. रामगुलाम यांच्या बाजूस २८ आणि तिसऱ्या पक्षास ८. रामगुलाम यांनी त्या आठांशी हातमिळवणी केली, बेरीज ३६ झाली आणि पंतप्रधानपद त्यांच्याकडेच राहिले. अंकगणित साधे असते. त्यातील राजकारण मात्र साधे नसते.

उठविण्याचा नियमही तितकाच स्पष्ट आहे. सभागृहाने अविश्वासाचा ठराव संमत केल्यावर पंतप्रधानांनी तीन दिवसांच्या आत राजीनामा दिला नाही, तर राष्ट्रपतींनी त्यांना पदावरून दूर करावे. संसद विसर्जित होणार असेल तरच याला अपवाद. आपल्याकडे १९९९ साली एका मताने केंद्र सरकार पडले, ते याच तत्त्वाने. पद मोठे असले तरी त्याचा पाया विश्वास हाच आहे.

पण खरा उठविणारा मतदारच. मुख्य बेटावर २० मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन, आणि रॉड्रिग्जमधून दोन, असे ६२ सदस्य निवडले जातात. १९८२ साली मुख्य बेटावरील साठही जागा विरोधकांनी जिंकल्या आणि खुद्द रामगुलाम पडले. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्यावर १९९५ साली तोच प्रसंग आला. २०२४च्या नोव्हेंबरात त्यांचे पुत्र प्रविंद जगन्नाथ पंतप्रधान असतानाच पुन्हा साठास शून्य असा निकाल लागला आणि तेही आपल्या मतदारसंघात हरले. तिन्ही वेळा सत्ता निमूटपणे दुसऱ्याच्या हाती गेली. १९९५ साली हरलेले अनिरुद्ध जगन्नाथ २००० मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. तर शिवसागरांचे पुत्र नवीनचंद्र २०१४ व २०१९ मध्ये स्वतःची जागा गमावूनही २०२४ मध्ये त्या पदावर परतले. दोनच घराण्यांत हे पद बव्हंशी फिरत राहिले, हा दोष आम्ही झाकीत नाही. पॉल बेरांजे यांचा २००३ ते २००५ हा काळ तेवढा त्यास अपवाद.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. साठ जागा एका बाजूस गेल्या, म्हणजे दुसऱ्या बाजूस मतदारच नव्हते काय? होते; हजारोंनी होते. त्यांचा आवाज सभागृहात कसा पोहोचावयाचा? मॉरिशसच्या घटनाकारांनी त्यासाठी एक तोड काढली. हरलेल्या उमेदवारांपैकी चांगली मते मिळविणाऱ्यांना आठपर्यंत जादा जागा देता येतात. 'बेस्ट लूझर' या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ज्या समाजांना प्रतिनिधित्व कमी मिळाले असेल त्यांना या जागांतून स्थान मिळते, आणि सर्व जागा एकीकडे गेल्या तरी विरोधी बाक अगदी ओस पडत नाहीत. ही पद्धत निर्दोष नाही. तिचा हिशेब १९७२च्या खानेसुमारीवर बांधलेला, आणि उमेदवाराने आपला समाज जाहीर करण्याच्या अटीवर मोठा वाद झाला. त्यात मराठी माणसांची गणना हिंदू या एका मोठ्या गटातच होते, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळी जागा नाही. त्यांची भाषा टिकली ती शाळांतील वर्गांमुळे, मंडळांमुळे आणि सणांमुळे. तरीही हरलेल्यालाही बसावयास जागा हवी, हा त्या पद्धतीमागील विचार मोलाचा आहे.

आम्ही घरी कोकणी बोलतो, वर्गात मराठीतून शिकवितो आणि बाजारात कन्नड ऐकतो. निपाणीपासून खानापूरपर्यंत तुमच्यापैकी अनेकांचे दिवस असेच तीन भाषांत जातात. कधी आपण थोड्यांत मोडतो, कधी पुष्कळांत. एकाच गावच्या दोन गल्ल्यांतही हे पारडे बदलते. त्यामुळे थोड्यांचे म्हणणे ऐकून घेणे म्हणजे काय, हे सीमाभागातील मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मागच्या बाकावरील त्या मुलाला आता आम्ही उत्तर देऊ शकतो. बाळ, बसविणारा आणि उठविणारा एकच असतो, तो म्हणजे लोकांचा विश्वास. आणि तो विश्वास केवळ जिंकलेल्यांचा असून भागत नाही. हरलेल्यांनाही हे सभागृह आपले वाटावे लागते. तुमच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडाल, त्या दिवशी निकाल लागल्यावर ज्याला कमी मते पडली त्याच्या बाकाकडे आधी जा आणि त्याचे म्हणणे विचारा. पुढे मोठ्या पदावर बसलात, तर ही सवय कामास येईल.