सापाच्या टाकीत काय अंथरावं?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीत राहतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने वर्षभर हट्ट करून अखेर एक कॉर्न स्नेक मिळवला. पिल्लूच आहे, जेमतेम दीड फुटाचं. दुकानदाराने काचेची टाकी, हीट मॅट आणि तळाशी पसरायला पाइनच्या सालपटांची पिशवी दिली. शेजारीण म्हणते सीडर घाला, वास मारत नाही आणि किडे होत नाहीत. मुलाला वाळवंटातल्यासारखी लाल वाळू हवी आहे. सध्या आमच्याकडे आलेल्या सासूबाईंचं म्हणणं, एवढा खर्च कशाला, जुनी सुती साडी घडी करून घाला. कुणाचं ऐकू? आणि खाली काय अंथरलं यावरून सापाला खरंच काही होतं का?

उत्तर : होतं, आणि बरंच काही होतं. चौघांमध्ये तुमच्या सासूबाई उत्तराच्या सर्वांत जवळ पोचल्या आहेत. फक्त साडीच्या जागी कागद घाला. शेजारणीचा सल्ला मात्र चौघांत सर्वांत धोक्याचा, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

साप जमिनीला पोट टेकून जगतो. त्याच्या नाकपुड्या अंथरुणापासून बोटभरही वर नसतात. दिवसातले बरेच तास तो त्या अंथरुणाच्या आतच शिरून बसलेला असतो. वर तो सारखी जीभ बाहेर काढून आसपासचे गंधकण टाळूतल्या खास अवयवापर्यंत पोचवत असतो. म्हणजे टाकीतला वास त्याला टळत नाही. आपल्याला छातीखाली श्वासपटल असतं, सापाला ते नसतं, त्यामुळे त्याला आपल्यासारखं जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. बहुतेक सापांचं डावं फुप्फुस नावापुरतं असतं किंवा नसतंच. सगळी भिस्त उजव्यावर. अशा प्राण्याला चहूबाजूंनी बंद टाकीत तीव्र वासाच्या लाकडावर ठेवायचं, हा विचारच चुकीचा आहे.

सीडरचा तो छान वास म्हणजे लाकडातली उडून जाणारी तेलं. किडे त्यांच्यापासून लांब राहतात म्हणून तर अमेरिकेत लोकरीचे कपडे सीडरच्या पेटीत ठेवतात. (हा अमेरिकी तांबडा सीडर आपला देवदार नव्हे, तो जुनिपरच्या जातीचा. पण वासाच्या बाबतीत दोघेही सारखेच उग्र.) अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सीडर आणखी तिसराच. त्याच्या धुळीने लाकूड कारखान्यांतल्या कामगारांना दमा होतो, ही वैद्यकातली जुनी, नीट नोंदलेली गोष्ट आहे.

प्रयोगशाळेतल्या उंदरांवरचं एक काम इथे सांगण्यासारखं आहे. १९६७ साली एलियट व्हेसेल या शास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की, तांबडा सीडर किंवा पाइन यांच्या अंथरुणावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली औषधं पचवणारी विकरं वाढतात. तेच उंदीर बीच, बर्च आणि मेपल यांच्या अंथरुणावर हलवले की ती पुन्हा कमी होतात. म्हणजे नुसतं अंथरूण बदललं तरी शरीराच्या आतला कारभार बदलतो. हे उंदरांचं झालं, सापांचं नाही, हा फरक मी झाकून ठेवणार नाही. पण सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर आणि जुने पाळणारे सीडरला एकमुखाने नाही म्हणतात. दुसऱ्या सुरक्षित वस्तू त्याच दुकानात मिळत असताना आपल्या सापावर प्रयोग करून बघण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

पाइनचं प्रकरण जरा मधलं आहे. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधली बरीचशी तेलं उडून गेलेली असतात आणि काही पाळणारे तो वापरतातही. पण पिशवीवर ‘भट्टीत वाळवलेलं’ असं लिहिलेलं असलं तरी आतला माल किती वाळला आहे ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. पिशवी उघडल्यावर राळेचा वास आला, तर ती परत करा किंवा बागेत पसरा. याचा अर्थ सूचिपर्णी झाड म्हणजे सरसकट वाईट असाही नाही. सायप्रसही त्याच गटातला, पण त्याच्या सालीचा तुकडा सापांसाठी चांगला मानला जातो. भांडण झाडाच्या कुळाशी नाही, उग्र तेलांशी आहे.

वासावरून आठवलं. मराठी घरात फरशीला पांढरं फिनाईल आणि कपाटात डांबरगोळ्या ही सवय सातासमुद्रापार जाते. पांढऱ्या फिनाईलमध्ये पाइनचंच तेल असतं. टाकी त्याने पुसू नका, डेटॉलनेही नको. जवळपास डांबरगोळ्या ठेवू नका आणि ज्या खोलीत उदबत्ती-धूप लागतो तिथे टाकी ठेवू नका. धुवायला साधा साबण आणि गरम पाणी पुरतं. जंतुनाशक हवंच असेल तर पाण्यात अगदी थोडं ब्लीच घाला, भरपूर पाण्याने खळबळून काढा आणि वास पूर्ण जाईपर्यंत टाकी उघड्यावर वाळू द्या.

आता चिरंजीवांची वाळू. त्यांना सांगा की त्यांचा साप वाळवंटातला नाही. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. जंगलाच्या कडा, शेतं, पडकी कोठारं हे त्याचं घर, आणि कोठारात तो येतो तो उंदरांच्या मागे. वाळूत ओलावा टिकत नाही. वितळवून दिलेला ओला उंदीर वाळूवर पडला की तिच्यात माखतो आणि साप तो तसाच गिळतो. वाळू पोटात साचून आतडं अडलं की प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं. दुकानातली रंगीत, कॅल्शियमची म्हणून विकतात ती वाळू तर ओली झाल्यावर गोळे धरते. ती नकोच. याच रांगेत मक्याच्या कणसाचा भरडा, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा आणि मांजराच्या शौचपेटीतली माती बसते.

साडीचं काय? जुन्या सुती कापडाचे धागे सुटतात. ते सापाच्या मागे वळलेल्या बारीक दातांत अडकतात, शेपटीला गुंडाळले जातात. तिकडे कपडे धुताना घालायच्या मऊ करणाऱ्या सुवासिक द्रवाचा वासही कापडात मुरलेला असतो. कापड घाण झालं तरी वरून दिसत नाही आणि खालच्या घडीत ओल राहते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या गालिच्यालाही यातले बरेच दोष लागू आहेत. दोन आणून आलटून पालटून नीट धुणार असाल तरच तो घ्या.

म्हणून पहिले दोन-तीन महिने साधे पेपर टॉवेल. दिसायला टाकी अगदी दवाखान्यातली वाटेल, मुलगा नाराज होईल, होऊ द्या. नवा साप घरात आला की पहिला प्रश्न तो निरोगी आहे का हा असतो आणि त्याचं उत्तर कागदावर दिसतं. विष्ठा केव्हा झाली, कशी झाली, तिच्यासोबतचा पांढरा घट्ट भाग, म्हणजे सापाचं मूत्र, नीट आहे का, खाल्लेलं उलटून टाकलं का, तोंडातून चिकट स्राव येतो का, सगळं कळतं. सर्वांत मोठा फायदा म्हणजे गोचिडीसारखे रक्तपिपासू किडे लगेच दिसतात. सापाचे माइट्स खसखशीएवढे काळे ठिपके असतात. सालपटांत ते आठवडेच्या आठवडे लपून राहतात, पांढऱ्या कागदावर आणि पाण्याच्या भांड्यात एका नजरेत दिसतात. कागद चुरगळून दोन-तीन थर घाला म्हणजे पिल्लाला खाली शिरायला जागा मिळेल. शिवाय लपायला दोन खोकी ठेवा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला.

सगळं सुरळीत दिसलं, साप वेळेवर खातोय असं झालं की ॲस्पेनवर जा. हे पोप्लरच्या कुळातलं झाड, जगभर आगपेटीच्या काड्यांसाठी वापरतात तेच. लाकडाला फारसा वासच नाही. त्याची सालपटं हलकी, एकमेकांत अडकून राहणारी असतात, त्यामुळे कॉर्न स्नेकने त्यात केलेलं बीळ ढासळत नाही. पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा थर द्या आणि मग मुलाला टाकीसमोर बसवा. नुसतं डोकं बाहेर काढून बसलेला साप बघायला मिळाला की वाळूचा विषय तो आपणहून विसरेल. पिशवी उघडल्यावर घराबाहेर नेऊन झटका. खाली बारीक धूळ उरते ती टाकीत जाता कामा नये.

ॲस्पेनचा एक दोष आहे. ओलं झालं की त्याला बुरशी येते. पाण्याचं भांडं जड, न कलंडणारं घ्या आणि भिजलेली सालपटं त्याच दिवशी काढा. ओल्या अंथरुणावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाच्या खवल्यांवर आधी तांबूस डाग, मग फोड येतात. याला पाळणारे स्केल रॉट म्हणतात आणि ते डॉक्टरकडे नेण्याचंच काम आहे.

उलट तुमच्याकडच्या हिवाळ्यात घरातलं हीटिंग चालू झालं की हवा कोरडीठाक पडते आणि कात तुकड्यातुकड्यांत निघते. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. दहा-पंधरा डॉलरचं आर्द्रतामापक टाकीत लावा. आर्द्रता घसरली म्हणून अख्ख्या अंथरुणावर पाणी मारू नका. झाकणाच्या एका प्लॅस्टिकच्या डब्याला भोक पाडा, आत पिळून काढलेलं स्फॅग्नम मॉस घाला (ऑर्किड लावणाऱ्यांकडे असतं ते) आणि डबा टाकीत ठेवून द्या. सापाचे डोळे दुधी-निळे दिसू लागले की कात टाकायची वेळ आली. तेव्हा तो आपणहून त्या डब्यात जाऊन बसेल.

हीट मॅटचा अंथरुणाशी असलेला संबंध दुकानात कुणी सांगत नाही. मॅट काचेच्या खाली असते. वर जाड थर असला की पृष्ठभाग कोमट लागतो, म्हणून आपण उष्णता वाढवतो. साप मात्र बीळ करत थेट काचेपर्यंत जातो आणि तिथे भाजतो. तेव्हा थर्मोस्टॅट लावाच. त्याची सेन्सरची तार सालपटांवर नको, सालपटांखाली मॅटच्या वरच्या काचेला चिकटलेली हवी. तिथे तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका.

जेवण चिमट्याने द्या किंवा उंदीर सपाट बशीत ठेवा, म्हणजे सालपटं चिकटत नाहीत. एखादं गेलं पोटात, तर घाबरू नका, बहुधा विष्ठेवाटे निघून जातं. पोट एका जागी फुगून राहिलं, खाल्लेलं उलटलं, किंवा तोंड उघडं ठेवून घरघरत श्वास घेतला, तर वाट बघू नका, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. घाण दिसेल तशी रोज उचला. महिन्याकाठी सगळं अंथरूण टाकून टाकी धुवा, पण स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही. धडधाकट दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. टाकीत हात घातला की साबणाने हात धुणे, हा नियम मुलालाही आणि तुम्हालाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था पाच वर्षांखालची मुलं आणि वृद्ध माणसं असलेल्या घरांत सरपटणारे प्राणी नकोत असंच सांगते, तेव्हा सासूबाई आहेत तोवर तरी साप हॉलमध्ये मोकळा आणू नका.

हे सगळं कॉर्न स्नेकचं. उद्या मुलाने बॉल पायथन मागितला तर हिशेब बदलेल. तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, त्याला जास्त ओलावा लागतो. त्याच्यासाठी ॲस्पेन कोरडं पडतं, सायप्रस किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा बरा.

प्रश्न : मी नाशिकजवळ राहतो, कॉलेजात शिकतो. मळ्यात धामणीचं पिल्लू सापडलं. प्लॅस्टिकच्या खोक्यात कोकोपीट घालून ठेवलं आहे. कोकोपीट चालेल ना?

उत्तर : कोकोपीट चालेल, खोकं चालणार नाही. धामण, नाग, अजगर, दिवड हे आपल्याकडचे साप १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते घरी पाळणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. हौस म्हणून, अभ्यास म्हणून, जखमी होतं म्हणून, कुठलीही सबब चालत नाही. बॉल पायथनसारखा परदेशी साप पाळायचा तर त्याचीही केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. तुमचं पिल्लू शेतातल्या उंदरांवर वाढणार आहे, मळ्याला त्याची गरज तुमच्यापेक्षा जास्त. आजच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून कळवा. वनखात्याचे लोक येईपर्यंत खोक्याला हवेची भोकं असू द्या, ते सावलीत ठेवा आणि पिल्लाला दूध पाजू नका.