शत्रूच्या मुलखांत घेतलेलें नांव

हेदवी येथील एका बंधूंनीं आम्हांस विचारिलें कीं, शत्रूच्या मुलखांत सांपडलेल्या शिपायानें जीव वांचविण्यासाठीं खोटें नांव सांगितलें, तर तें पाप होय काय? राहाबेनें हेरांस लपविलें व राजाच्या माणसांस खोटें सांगितलें, तो वृत्तांत वाचकांस ठाऊक आहेच. आज आम्ही दिलीप परुळकर ह्या मराठी वैमानिकाची हकीकत पुढें ठेवितों.

त्यांचें विमान १० डिसेंबर १९७१ रोजीं पाकिस्तानांत पडलें. लढाई १७ डिसेंबरला थांबली, तरी कैदी सुटले नाहींत. रावळपिंडीच्या छावणींत हिवाळा गेला, उन्हाळाही गेला. शेवटीं १२ ऑगस्ट १९७२ च्या रात्रीं परुळकर, ग्रेवाल व हरीश सिंहजी हे तिघे भिंतीच्या विटा काढून निसटले व पेशावरावरून अफगाण सरहद्दीकडे निघाले. कोणीं विचारिल्यास आपण पाकिस्तानी हवाई दलाचे लोक, असें सांगावयाचें ठरलें होतें. परुळकरांनीं ‘फिलिप पीटर’ हें ख्रिस्ती नांव घेतलें. मुसलमान म्हणविलें असतें, तर नमाजाविषयीं प्रश्न आला असता.

आम्ही त्यांस दोष देत नाहीं. परंतु त्या देशांत ख्रिस्ती लोक थोडे व बहुतेक गरीब आहेत; अशा नांवाखालीं शत्रु सांपडला, तर संशयाचें ओझें कोणाच्या माथीं येतें, हेंही बंधूंनीं मनांत आणावें.

फसले ते मात्र नांवामुळें नव्हे. लंडी कोतल येथें, सरहद्द अवघी चार मैल उरली असतां, त्यांनीं लंडी खाना स्टेशनाची वाट विचारिली. तें स्टेशन नकाशावर होतें खरें, पण तेथवरची आगगाडी १९३२ सालींच बंद झाली होती! त्या ठिकाणच्या मनुष्यास हें ठाऊक नसावें कसें? तिघांस तहसीलदारापुढें नेलें. हेर समजून तेथेंच ठार करतील, असा रंग दिसूं लागला.

तेव्हां परुळकरांनीं एक विनंति केली: हवाई दलाच्या मुख्याच्या हाताखालील उस्मान नामक अधिकाऱ्यास फोन लावूं द्यावा. हा उस्मान पूर्वीं त्यांच्याच छावणीचा प्रमुख होता. आवाज ऐकतांच तो सर्व उमगला, आणि हीं आपलींच माणसें आहेत, अटकेंत ठेवा पण हात लावूं नका, असें त्यानें तहसीलदारास बजाविलें. म्हणजे खोटें बोलला तोही. आणि तेंही शत्रूसाठीं.

तिघे पुन्हां बंदींत गेले. १ डिसेंबर १९७२ रोजीं वाघ्याच्या वाटेनें ते इतर कैद्यांबरोबर मायदेशीं परतले.