कोंडवाड्यातील कुत्रे

मोकाट गुरे पकडून कोंडवाड्यात ठेवतात, हे तुम्हांला माहीत आहे. अमेरिकेतील शहरांत कुत्र्यांसाठीही असे कोंडवाडे असतात. सापडलेला कुत्रा तेथे काही दिवस ठेवतात. मालक आला नाही, तर तो बेवारस ठरतो. पूर्वी अशा बहुतेक कुत्र्यांना मारून टाकत. "मग ते संशोधनासाठी आम्हांला द्या," असे डॉक्टर म्हणू लागले.

त्यांना हे कुत्रे कशाला हवे होते? काही मुलांच्या हृदयात जन्मापासून दोष असतो. रक्त फुप्फुसांकडे पुरेसे जात नाही. ओठ आणि नखे निळी पडतात. बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग अशा मुलांना तपासत. इलाज शोधण्याचे काम व्हिवियन थॉमस यांच्याकडे आले. थॉमस डॉक्टर नव्हते. पैशाअभावी त्यांचे कॉलेजही राहून गेले होते. पण त्यांच्या हातात मोठे कसब होते. त्यांनी सुमारे २०० कुत्र्यांवर प्रयोग केले. कित्येक कुत्रे मेले. ॲना नावाची कुत्री मात्र जगली.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी डॉ. ब्लेलॉक यांनी आयलीन नावाच्या लहान मुलीवर ही शस्त्रक्रिया केली. त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून थॉमस त्यांना मार्गदर्शन करत होते. आयलीन फार दिवस जगली नाही. पण तिच्यानंतर कितीतरी मुलांचे निळे ओठ गुलाबी झाले.

१९५० मध्ये बाल्टिमोरच्या लोकांनी मतदान केले. बेवारस कुत्रे संशोधनाला द्यावेत, असा कौल मोठ्या बहुमताने मिळाला. १९५२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने तर सक्तीच केली. सरकारी पैसा घेणाऱ्या प्राणिगृहांना बेवारस कुत्री-मांजरे प्रयोगशाळांना द्यावी लागत.

प्राणिप्रेमींना हे पटले नाही. ते म्हणत, "बेवारस कुत्राही कालपर्यंत कोणाच्या तरी घरचा असेल. तो माणसाला भीत नाही, उलट हात चाटतो. म्हणूनच तो प्रयोगाला सोयीचा! असे होणार असेल, तर हरवलेला कुत्रा येथे कोण आणून देईल?"

त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. १९६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका कुटुंबाची पेपर नावाची कुत्री नाहीशी झाली. ती विकली गेली आणि न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात प्रयोगात मेली. घरचे लोक तिला शोधतच होते. ही बातमी देशभर गाजली. १९६६ मध्ये कायदा झाला. प्रयोगशाळांना कुत्री-मांजरे विकणाऱ्यांना परवाना घेणे व नोंदी ठेवणे भाग पडले. न्यूयॉर्कमधील सक्ती मात्र १९७९ मध्ये रद्द झाली.